कुटण्याचा नाद

मराठीत 'टाळकुट्या' हा शब्द सहसा कौतुकाने वापरला जात नाही. हाताला काम नसलेला, देवाच्या नावाने वेळ काढणारा, संसाराकडे पाठ फिरवलेला माणूस म्हणजे टाळकुट्या. संतवाङ्मयाविषयीच्या चर्चेवरही या शब्दाची सावली दीर्घकाळ पडलेली आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथात संतांना महाराष्ट्राच्या जागृतीचे श्रेय दिले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी नेमका उलट पक्ष मांडला; संतांनी समाजाला निवृत्तीची सवय लावून पंगू केले, असा त्यांचा आक्षेप होता. एम.ए.च्या वर्गाला हा वाद शिकवताना माझ्या नेहमी लक्षात येते की, दोन्ही पक्ष अभंगाच्या आशयाविषयी बोलतात. टाळाविषयी कोणीच बोलत नाही. एका पक्षाच्या लेखी तो दखल घेण्याजोगा नसतो आणि दुसऱ्याच्या लेखी तो रिकामपणाची खूण असतो. टाळ वाजवणारा माणूस नेमके काय करतो, हा प्रश्न वाङ्मयाच्या कक्षेबाहेरचा ठरलेला आहे.

या शब्दातले 'कुटणे' हे क्रियापदही पाहण्यासारखे आहे. वीणा छेडतात, बासरी फुंकतात, मृदंगावर थाप मारतात. टाळ मात्र कुटतात. आपण तिखट कुटतो, हळद कुटतो, पोहे कुटतो. हे सारे घरातले, मागच्या सोप्यातले आणि बहुतांशी बायकांचे काम. त्यात जोर लागतो, चिकाटी लागते; बुद्धी लागते असे मात्र कोणी मानत नाही. टाळाला हे क्रियापद चिकटले तेव्हा त्याबरोबर ही उतरंडही चिकटली असावी, असे मला वाटते.

गंमत अशी की, जगातल्या एका अत्यंत संपन्न संगीतपरंपरेचे नावच या 'कुटण्या'वरून पडले आहे. जावा आणि बाली बेटांवरील 'गमेलान' हा शब्द जावानीज भाषेतील 'गमेल' या धातूपासून आला, असे सांगतात. त्याचा अर्थ ठोकणे, हातोडीने आघात करणे. म्हणजे आपण ज्याला हेटाळणीने कुटणे म्हणतो, त्याच क्रियेला तिकडे राजदरबारी संगीताच्या नावाचा मान मिळाला. २०२१ साली युनेस्कोने गमेलानची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. तत्पूर्वी १९७७ सालीच ते पृथ्वीबाहेर पोहोचले होते. व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर योग्यकर्ता येथील पाकुआलामान राजवाड्यातील गमेलानचे वादन आहे, आणि त्याच तबकडीवर गोव्याच्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. केसरबाईंचा उल्लेख आपल्याकडे अभिमानाने होतो, आणि तो योग्यच आहे. तबकडीवरच्या त्यांच्या या शेजाऱ्याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

हा शेजारी तसा परका नाही. वाद्यांचे तत, अवनद्ध, घन आणि सुषिर असे चार वर्ग भरताच्या नाट्यशास्त्राने केले. घन म्हणजे आघाताने स्वतःच कंप पावणारे भरीव वाद्य. त्याला तार नाही, चामडे नाही, पोकळीतली हवाही नाही. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीच्या यादव दरबारात, सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याच्या सात अध्यायांपैकी सहावा वाद्याध्याय. त्यात काशाच्या टाळांसह घनवाद्यांचे वर्णन येते. पुढे १८७६ साली सौरींद्रमोहन टागोरांनी बेल्जियमच्या राजाला भेट म्हणून पाठवलेली भारतीय वाद्ये ब्रसेल्सच्या संग्रहात गेली. त्या संग्रहाचे पालक व्हिक्टर-शार्ल माइयों यांनी हीच चौरस विभागणी आपल्या सूचीसाठी स्वीकारली आणि तिच्या पायावर होर्नबोस्टेल व झाक्स यांनी १९१४ मध्ये जगभरच्या वाद्यांचे वर्गीकरण उभे केले. घनवाद्यांना शास्त्रात जागा देणारे आपण पहिल्यांपैकी आहोत. मैफिलीत मात्र ही जागा टिकली नाही. तिथे गळा आणि तार मध्यभागी बसले. टाळ, झांज, चिपळ्या भजनात आणि देवळात राहिल्या.

जावा-बालीच्या लोकांनी उलट केले. त्यांनी घनवाद्यांचाच वाद्यवृंद बांधला. त्यातले 'गेंदेर' नावाचे वाद्य विशेष नाजूक आहे. काशाच्या दहा ते चौदा पातळ पट्ट्या दोऱ्यांवर टांगलेल्या असतात. प्रत्येक पट्टीखाली तिच्याच स्वराला जुळवलेली बांबूची किंवा पत्र्याची नळी उभी असते. ती स्वराला भरीवपणा देते. वादक दोन्ही हातांत दोन ठोके धरून बसतो. बालीत गेंदेरच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या कुळाला 'गंगसा' म्हणतात. जावात या शब्दाचा अर्थ कांसे असा होतो आणि आदरार्थी भाषेत तो गमेलानसाठीही वापरला जातो. हा 'गंगसा' म्हणजे आपला 'कंस', 'कांस्य', असा संबंध अभ्यासक जोडतात. जावातले कारागीर मात्र आपली वेगळी व्युत्पत्ती सांगतात: 'तिग' म्हणजे तीन आणि 'सदस' म्हणजे दहा. तीन भाग कथील, दहा भाग तांबे. व्युत्पत्ती लोककल्पित असेल, पण तिच्यात मिश्रणाचे प्रमाण चोख जपलेले आहे.

या प्रमाणाचे महत्त्व ज्यांच्या घरात काशाचे भांडे होते त्यांना सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात तळपायांची आग व्हायला लागली की तूप लावून काशाच्या वाटीने पाय घासण्याची पद्धत आमच्याकडे होती. ती वाटी हातातून पडू नये म्हणून आई कमालीची जपे. पितळेचे भांडे पडले तर त्याला पोचा येतो. कांसे पडले तर तडकते. कथिलाचे प्रमाण वाढले की धातू कठीण होतो, त्याचा नाद स्वच्छ आणि लांबवर जाणारा होतो, आणि तो ठिसूळही होतो. नाद आणि ठिसूळपणा एकाच कारणातून येतात. पितळ टिकाऊ खरे, पण त्याचा आवाज लवकर विझतो. बाजारात आज टाळ पितळेचेही मिळतात. जाणकार टाळकरी अजूनही कांसे मागतो.

माझे वडील जाणकार टाळकरी होते. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात कापूस आणि तूर पिकवणारे, चौथीपर्यंत शिकलेले. विठ्ठलाच्या देवळात एक भजनी मंडळ होते. एक पेटी, एक पखवाज, सहा जोड टाळ. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा होई आणि थंडीत गोधडीखाली पडल्यापडल्या मी तो ऐके. इतक्या वर्षांत बाबांनी एकदाही एकट्याने टाळ वाजवलेला मला आठवत नाही. घरी ते खुंटीला टांगलेले असत. त्यांना हात लावायची आम्हा मुलांना मनाई नव्हती, पण त्यातून येणारा आवाज फार लवकर कंटाळवाणा होई. एकटा टाळ म्हणजे अर्धवट वाक्य.

टाळ वाजवण्यातली खरी विद्या आघातात नाही, हे मी त्यांच्याकडूनच ऐकले. मंडळात नवा पोरगा आला की तो जोरात वाजवी आणि त्याचा नाद पुढच्या मात्रेवर सांडे. बाबा म्हणत, "वाजोते समदेच. बुजवता आला पायजे." बुजवणे म्हणजे एका तोंडावर दुसरे तोंड दाबून नाद मिटवणे. मोकळा आघात आणि मिटलेला आघात यांच्या अदलाबदलीतून पावलीचा ठेका उभा राहतो, आणि अभंगाचा शब्द मिटलेल्या जागेतून ऐकू येतो. गेंदेरवादकाचेही सारे शिक्षण याच गोष्टीचे असते. नवी पट्टी वाजवत असतानाच मागच्या पट्टीचा नाद त्याला त्याच हाताच्या कडेने मिटवावा लागतो. न मिटवल्यास सगळे स्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो. वादनाचा अर्धा भाग न ऐकू येणाऱ्या क्रियेचा असतो. कवितेतील विरामाविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. हा विराम हाताने करावा लागतो, तेव्हा त्याला किती मेहनत पडते हे पाहायचे असेल तर टाळकऱ्याच्या मनगटाकडे पाहावे.

गमेलानची आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. त्यातली वाद्ये बाहेरच्या कोणत्याही ठरीव पट्टीला जुळवलेली नसतात. ती एकमेकांना जुळवलेली असतात. प्रत्येक संचाची स्वरव्यवस्था त्याची स्वतःची, पुष्कळदा त्याला नावही असते. त्यामुळे एका संचातले वाद्य उचलून दुसऱ्या संचात ठेवता येत नाही. बालीत तर वाद्यांच्या जोड्या करतात, आणि जोडीतली एक पट्टी दुसरीपेक्षा मुद्दाम किंचित उंच ठेवतात. दोन्ही एकदम वाजल्या की त्या सूक्ष्म फरकामुळे आवाजात एक थरथर येते. तिला 'ओंबाक', म्हणजे लाट, म्हणतात. ही लाट नसेल तर स्वर मेलेला समजतात. आपल्या टाळांच्या दोन तोंडांचे स्वरही कधी तंतोतंत एक नसतात. टाळ वाजून मोकळा सुटल्यावर कानाशी जी थरथर येते, ती या न जुळण्याची आहे. बालीत हे संच बहुधा गावाच्या किंवा वादकांच्या संघाच्या मालकीचे असतात. वाद्य ओलांडून जायचे नाही, असा तिथला दंडक आहे.

बाबा चार वर्षांपूर्वी गेले. हृदयविकाराने, दवाखान्यात. हे मुद्दाम सांगते, कारण यवतमाळ जिल्ह्यातला कापूस उत्पादक शेतकरी गेला म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक प्रश्न आधीच उमटलेला असतो. तेरवी झाल्यावर मंडळाचे वडीलधारे घरी आले. खुंटीवरच्या टाळांकडे पाहत ते आईला म्हणाले, "वहिनी, टाळ मंडळाचे हायेत." त्यांच्या बोलण्यात लोभ नव्हता. सहा जोड एकदम घेतलेले, वर्षानुवर्षे एकत्र वाजून एकमेकांत मुरलेले. त्यातला एक घरात आठवण म्हणून टांगून ठेवला तर उरलेल्या पाचांचा ठेका लंगडा होणार. मी तेव्हा मनात म्हटले, गमेलानचा कोणताही जाणकार यांच्याच बाजूने उभा राहील. माझ्या यवतमाळच्या घरात पुस्तकांच्या कपाटावर ठेवायला ते टाळ मला हवे होते, हेही खरे. पण कपाटावर ठेवलेल्या टाळाला अर्थ काय, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आई मात्र वेगळेच बोलली. "न्या ना. पण वाजवन कोन? मले येते."

तिला येत होते, यात शंका नव्हती. चाळीस वर्षे ती देवळात बायकांच्या बाजूला बसून टाळ्या वाजवत होती. कोणत्या अभंगाला ठेका कुठे दुप्पट होतो, बाबा कुठे घाईत येत आणि कोण त्यांना सावरत असे, हे सारे तिला पाठ होते. पण मंडळ पुरुषांचे. बायकांनी वेगळे मंडळ काढावे, नवे टाळ घ्यावेत, मंडळ वर्गणी देईल, अशी सूचना आली. अशी महिला भजनी मंडळे आमच्या भागात पुष्कळ आहेत आणि ती चांगली चाललेलीही आहेत. आईचे म्हणणे एवढेच की, ज्या ठेक्यात ती चाळीस वर्षे होती तो ठेका या सहा टाळांचा आहे.

या प्रसंगानंतर मला गेंदेरविषयीची एक गोष्ट वाचायला मिळाली. जावातील छायाबाहुल्यांच्या खेळात, वायांगमध्ये, सूत्रधार रात्रभर महाभारताची आख्याने सांगतो. तो बोलत असताना बाकीचा वृंद थांबलेला असतो. एकटे गेंदेर मंद स्वरात गुणगुणत राहते. त्याला 'ग्रिमिंगान' म्हणतात. त्यामुळे सूत्रधाराचा आवाज स्वर सोडत नाही. पुढचे पद त्याने कुठून उचलायचे हे त्याला त्यातून कळते. जुन्या परंपरेत हे गेंदेर पुष्कळदा सूत्रधाराची बायको वाजवत असे. आयुष्यभराच्या सहवासातून नवऱ्याचा श्वास, त्याचे थकणे, त्याची घाई तिला ठाऊक असे. स्त्रियांच्या या वादनशैलीला वेगळे नाव आहे आणि तिचा स्वतंत्र अभ्यास झालेला आहे. बालीत मात्र वृंद पुरुषांचेच होते. स्त्रियांचे गमेलान संघ तिथे १९८०च्या दशकापासून उभे राहू लागले. म्हणजे कांसे एकच, पण एका बेटावर जे बायकोचे काम मानले गेले, ते शेजारच्या बेटावर तिच्या हाती यायला विसावे शतक सरत आले. धातूचा यात काही संबंध नाही. प्रश्न रांगेत कोणी बसायचे याचा आहे.

आपल्या परंपरेतही रांग आहे. तुकोबांचे चौदा टाळकरी प्रसिद्ध आहेत. त्यांतले संताजी जगनाडे यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले, अशी परंपरा आहे. मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने यापेक्षा मोठी गोष्ट कोणती? ज्याला आपण टाळकुट्या म्हणतो, त्याच्या हाताने गाथा टिकली. आणि हे स्वाभाविकही आहे. ठेका धरणाऱ्याला शब्दाकडे कान लावून बसावे लागते. कोणता शब्द कुठे पडतो हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? पण त्या चौदांत एकही स्त्री नाही. बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानले, त्या देहूला आल्या, त्यांनी अभंग रचले. टाळकऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव नाही. जनाबाईला परंपरेने जाते आणि उखळ दिले. दळणे, कांडणे, कुटणे तिचे; टाळ दुसऱ्यांचा. 'टाळ कुटणे' या शब्दप्रयोगातली हेटाळणी दोन्हीकडून काम करते, असे आता मला दिसते. टाळकऱ्याला बायकी कामाच्या पंक्तीत बसवून ती त्याला हिणवते, आणि ज्यांचे ते काम आहे त्यांना टाळाच्या पंक्तीत बसूही देत नाही.

२०१९च्या जानेवारीत यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. निमंत्रित उद्घाटकांचे निमंत्रण मागे घेतल्यामुळे उठलेल्या वादानंतर त्याचे उद्घाटन आमच्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी केले. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती. त्या दिवशी त्या व्यासपीठावरून बोलल्या आणि सभागृहाने ते ऐकले. या घटनेवर साहित्यवर्तुळात बरेच उलटसुलट लिहिले गेले. मला त्यातले एवढेच मोलाचे वाटते की, त्यासाठी आधी एक रिकामी खुर्ची पडावी लागली. रांगेत जागा सहसा अशीच होते.

आमच्या देवळातही तसेच घडले. टाळ मंडळाने नेले. त्या वर्षीच्या काकड्याला सहावा जोड पेटीजवळ तसाच पडून होता. तरणी पोरे पुण्या-नागपूरला गेलेली, हाती घेणारा कोणी नव्हता. चौथ्या की पाचव्या पहाटे आई बायकांच्या बाजूने उठली, तिथे जाऊन बसली आणि तिने तो घेतला. कोणी तिला दिला नाही आणि कोणी तिच्या हातातून काढूनही घेतला नाही. दोन जण दुसऱ्या दिवसापासून यायचे थांबले. त्यांतला एक अजूनही येत नाही.

मी तिचे वाजवणे पहिल्यांदा ऐकले ते कार्तिकी एकादशीला. बाबांपेक्षा ती नाद जरा लवकर बुजवते. ही सवय तिला कुठून लागली असेल, याचा मी विचार करते. टाळी मुळातच बुजलेली असते, तिला मोकळा सूर नसतो, आणि चाळीस वर्षे हाताला तेवढेच ठाऊक होते, हे त्याचे कारण असू शकेल. पखवाजवाल्या काकांनी पहिल्या वर्षी त्याबद्दल कुरकुर केली. आता तेच तिच्या मिटण्यावर आपली थाप टाकतात, असे मला ऐकताना वाटते. विचारले तर ते मान्य करणार नाहीत.

यंदा आणखी तिघी जणी टाळ मागत आहेत. सहा जोड पुरणार नाहीत. गेल्या महिन्यात आई आणि मंडळाचे ते वडीलधारे गृहस्थ मिळून यवतमाळला भांड्यांच्या दुकानात आले होते; मीही बरोबर गेले. सोबत त्यांनी जुना एक जोड कापडात गुंडाळून आणला होता. दुकानदार एकेक नवा जोड काढून देई, आई जुना वाजवी, काका नवा वाजवत, आणि दोघेही मान हलवून तो परत ठेवत. पितळेचे सगळे पहिल्याच झटक्यात बाद झाले. काशाच्या अकरा जोडांपैकी एक त्यांना पसंत पडला. बाकीचे दोन दिवाळीनंतर नवा माल आला की पाहू, असे ठरले. दुकानदाराने त्रासून विचारले, भजनालाच हवेत ना, मग एवढे काय पाहता? त्यावर दोघांपैकी कोणीच काही बोलले नाही. काका पैसे मोजत होते आणि आई जुना जोड पुन्हा कापडात बांधत होती.